बालविभागाला देणगी मिळाली आहे: मोठा टीव्ही घ्यावा की मुलांकडून गोष्टी करून घ्याव्यात?

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमचं वाचनालय सिंधुदुर्गात, अगदी किनाऱ्यालगत. सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गातलं. मी कार्यकारिणीवर आहे आणि बालविभाग माझ्या गळ्यात आहे (हौसेने घेतलाय, तक्रार नाही). मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने यंदा खास बालविभागासाठी देणगी दिली. रक्कम फार मोठी नाही, पण आमच्यासारख्या वाचनालयाला बरीच आहे. बहुतेक सभासदांचं म्हणणं, ५५ इंची स्मार्ट टीव्ही घ्यावा, भिंतीवर लावावा, त्यावर गोष्टींचे तयार व्हिडिओ दाखवावेत. "मुलं निदान पायरी तरी चढतील."

चढतील की. पण टीव्ही बघायला चढतील, आणि तो त्यांच्या घरी आहेच. घरी नसतं ते काय? मोठं टेबल, कागद-रंग, बरोबरीची पोरं आणि "मग पुढे काय झालं?" असं विचारायला सवड असलेलं एक मोठं माणूस. म्हणून माझं मत असं की मुलांना गोष्टी दाखवण्यापेक्षा त्यांच्याकडून करून घ्याव्यात. मुलाने स्वतः लिहिलेली, स्वतःच्या आवाजात सांगितलेली, स्वतः काढलेल्या चित्रांवर बसवलेली दोन-अडीच मिनिटांची गोष्ट. त्याला एक बरा फोन, एक कॉलर माईक आणि वाचनालयातला जुना कॉम्प्युटर पुरतो.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही हे थोड्या मुलांबरोबर करून पाहिलं. वयं साधारण नऊ ते तेरा. आधी जमिनीवर रिंगण करून बसायचं आणि तोंडी गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारायचे, "मग?" आणि "म्हणजे कसं?" मग लिहायचं, फुलस्केपच्या एका पानात बसेल एवढंच. मग मोठ्याने वाचून जिथे जीभ अडखळते तिथे कापायचं. मोबाईलला हात लागतो तो इथे पहिल्यांदा.

एका मुलीने आजीकडून ऐकलेली खाजणाचा (खाडीकाठच्या शेतजमिनीचा) बांध फुटल्याची गोष्ट केली. भरतीच्या रात्री पाणी शेतात शिरलं आणि अख्खी वाडी चिखल-पेंढा घेऊन धावली. चित्र काय काढायचं? रात्र, काळोख, दिसत काहीच नाही. तिने काळा कागद घेतला आणि पिवळ्या तैलखडूने नुसते कंदील काढले. पहिल्या चित्रात एक, पुढच्यात तीन, मग बांधावर ओळच्या ओळ. माणूस एकही नाही. आजीचा आवाज तिने घरीच रेकॉर्ड करून आणला होता. आजी मोबाईल समोर धरला की गप्प व्हायची ("त्या मोबायलात माझो आवाज घालून काय करतलंस गो?"), म्हणून तिने फोन सुपाखाली ठेवला आणि आजीला कोकमं फोडायला बसवलं. ऐन बांध फुटायच्या वेळी आजी म्हणते, "गो, ता दूध उतू जाता बघ." पोरीने ते वाक्य तसंच ठेवलं. आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, एवढं काढून टाक, बाकी छान आहे. ती हटली नाही.

हे सगळं सांगूनही कार्यकारिणी टीव्हीवर ठाम आहे. पुढच्या बैठकीत मांडायला मला मुद्दे हवे आहेत, विरोधातलेसुद्धा. पावसाळ्यात रेकॉर्डिंग कसं करायचं, केलेल्या गोष्टी साठवायच्या कुठे, यूट्यूबवर टाकाव्यात का, पुस्तकातली गोष्ट वाचून रेकॉर्ड केली तर चालते का, यावरही कोणी जाणकार बोललं तर बरं होईल.

---

बाबल्या_मालवणी

माका एक सांगा, टीव्ही घेतलो तर तो बघतलो कोण? संध्याकाळी कार्यकारिणी क्रिकेट बघतली आणि पोरां भायर रवतली.

---

चाकरमानी_डोंबिवली

बाबल्या, हसलो, पण मी अशाच एका ग्रामस्थ मंडळात आहे, म्हणून देणाऱ्यांची बाजू मांडतो. देणगी देणाऱ्याला डोळ्यांनी दिसणारी वस्तू हवी असते. गणपतीला गावी आलो की "हे आपण दिलं" असं दाखवता यायला हवं. "उपक्रम केला" असं म्हटलं की दुसऱ्या वर्षी माणसं हात आखडता घेतात. शिवाय टीव्ही असला तर सुरंगीताईंच्या मुलांनी केलेल्या गोष्टी त्यावरच दाखवता येतील की. भांडण कशाला?

---

सुरंगी

भांडण नाहीच हो. पण पैसे एकदाच आलेत. टीव्ही, भिंतीचं काम, इन्व्हर्टर एवढ्यावर खर्च झाला की माईकला काही उरणार नाही. दाखवायला वाचनालयाच्या पाठची चुन्याची भिंत आहे आणि शाळेचा प्रोजेक्टर मागून मिळतो.

---

डॉक्टर_पण_वाचक

बालरोगतज्ज्ञ म्हणून लिहितो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते पाच वयाला दिवसाला एक तासाच्या आत आणि पाच ते दहा वयाला दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये लहानग्यांसाठी जवळपास असाच सल्ला दिलाय. बहुतेक मुलं हा कोटा घरीच संपवून येतात. म्हणून बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी वाचनालयात स्क्रीन मुळीच नको, त्यांना मांडीवर घेऊन पुस्तक वाचून दाखवा.

मोठ्या मुलांचं वेगळं. तुमच्या पद्धतीत मूल स्क्रीनसमोर किती वेळ असतं? चित्रं कागदावर, लिखाण वहीत, गोष्ट तोंडी. फार तर शेवटची जुळवाजुळव. तेवढ्याला माझी हरकत नाही.

---

कट्ट्यावरची

थोडी पूर्वपीठिका. या प्रकाराची, म्हणजे 'डिजिटल स्टोरीटेलिंग'ची, रीतसर कार्यशाळा अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाली. डेना अ‍ॅचली हा कलावंत आणि जो लॅम्बर्ट हा नाटकवाला, ही त्यातली ठळक नावं. पुढे बर्कलीत त्यांचं केंद्र नावारूपाला आलं, आता ते स्टोरीसेंटर म्हणून ओळखलं जातं. बीबीसीने २००१ पासून काही वर्षं वेल्समध्ये गावोगाव जाऊन सामान्य माणसांच्या अशाच छोट्या गोष्टी करवून घेतल्या.

दोन्हीकडे पद्धत साधारण तीच, जी सुरंगीने लिहिलीय. आधी गोल बसून सांगणं, मग आटोपशीर लिहिणं, स्वतःचा आवाज, मोजकी स्थिर चित्रं. लॅम्बर्टच्या मंडळींनी चांगल्या गोष्टीचे सात घटक सांगितले होते. त्यातला "स्वतःच्या आवाजाची देणगी" हा मला सगळ्यात पटतो. मुलं पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकतात तेव्हा लाजतात, "ई, हा माझा नाय" म्हणतात. तेव्हा घाई करून पार्श्वसंगीत टाकू नका. संगीताखाली आवाज लपवायची सवय लागली की सगळ्या गोष्टी लग्नाच्या व्हिडिओसारख्या वाटतात.

आणि ते दुधाचं वाक्य काढलं असतं तर मी धाग्यावर येऊन भांडले असते.

---

रॅकमधला_माणूस

रत्नागिरी जिल्ह्यात ग्रंथपाल आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

रेकॉर्डिंगची जागा: आवाज घुमू नये यासाठी लोक खोलीला फोम लावतात. तुमच्याकडे त्याहून बरी सोय आहे. पुस्तकांनी गच्च भरलेल्या दोन रॅकच्या मधल्या बोळात मुलाला बसवा, पाठीमागे एक चादर टांगा. पुस्तकं आवाज छान शोषतात. आमच्याकडे संदर्भ विभागाचा बोळ त्यासाठीच राखीव असतो, तसाही तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. पंखा मात्र बंद हवा. मे महिन्यात पोरं घामाने निथळतात, म्हणून एकेकाला थोडा थोडा वेळच आत बसवतो.

पावसाळा: पत्र्यावर पाऊस पडत असेल तर विसरा, साध्या सॉफ्टवेअरने तो नीट निघत नाही. कौलाखाली थोडी आशा असते. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात सुरुवातीची काही सेकंद मूल गप्प बसलेलं रेकॉर्ड करायचं, तो तुकडा नमुना म्हणून निवडायचा आणि मग तशी सलग घरघर बाकीच्या रेकॉर्डिंगमधून कमी करता येते. फ्रिज, दूरचा पंप, समुद्राची गाज यांना हे लागू पडतं. एसटीचा हॉर्न आणि कोंबडा यांना नाही. पण फार घासूनपुसून काढू नका, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

वारा: किनाऱ्यावर रेकॉर्ड करायचं असेल तर माईकला स्पंज हवाच. नसेल तर जुना लोकरीचा मोजा. एका मुलाने रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचा आवाज आणला होता, त्यात माणसं ओरडताना ऐकू येतच नव्हती, नुसतं फुर्रर्र. मोजा घातल्यावर दोराचा करकरता आवाजसुद्धा आला.

साठवण: हा मुद्दा कार्यकारिणीत जोर लावून मांडा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १८६४ सालची संस्था, आणि पुस्तकांचा चिखल झाला. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात छपरं उडवली. कागद काय, हार्ड डिस्क काय, पाण्याला दोन्ही सारखीच. म्हणून प्रत्येक गोष्टीची एक प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर हवीच. एक डिस्क वाचनालयात, एक दुसऱ्या गावात कुणाच्या तरी घरी, जमल्यास एक ऑनलाइन. नुसता तयार व्हिडिओ ठेवू नका. मूळ आवाजाची फाईल आणि चित्रांचे फोटो वेगळे ठेवा, पुढे कधीतरी तेच कामाला येतं. फाईलच्या नावात साल, गाव आणि गोष्टीचं नाव घाला. "नवीन व्हिडिओ फायनल २" असल्या नावांनी आमचा एक अख्खा फोल्डर भरलाय.

खाऱ्या हवेने चार्जिंगचं तोंड गंजतं. फोन-माईक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

---

हिरवी_कौलं

वाखु (वाचनखूण) साठवली. रॅकभाऊ, दंडवत.

---

पिंगुळीचा_शेजारी

सॅन फ्रान्सिस्को, वेल्स झालं. आता कुडाळला या. पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी म्हणजे दुसरं काय आहे? सुट्या चित्रांची पोथी, एक चित्र उभं करायचं, त्यावरचं कथन गायचं, वीणा-हुडुक-टाळाची साथ, मग पुढचं चित्र. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. पिंगुळीत त्यांनी उभं केलेलं संग्रहालयही आहे.

मुलांना एडिटिंग शिकवण्याआधी एकदा चित्रकथी दाखवा. चित्र कधी बदलायचं हे तिथे लगेच कळतं. आवाज पुढे सरकतो आणि चित्र त्याच्या मागोमाग येतं. नवखी मुलं नेमकं उलट करतात. पंधरा चित्रं काढली म्हणून पंधराही घुसवतात, दर काही सेकंदांनी एक. सुरंगीताईंच्या कंदीलवाल्या मुलीला हे उपजतच कळलेलं दिसतंय.

एक विनंती. कलाकाराला बोलवाल तर मानधन द्या. "मुलांसाठी आहे, सेवा समजून या" हे आमच्याकडे फार चालतं. देणगीतून आधी ते बाजूला काढा.

---

प्रमाणवेलांटी

उपक्रम स्तुत्य, पण एक शंका. वाचनालयाने मुलांची भाषा सुधारावी की बोलीतच ठेवावी? उद्या ही मुलं स्पर्धा परीक्षांना बसणार. गोष्टी प्रमाण मराठीत करून घेतल्या तर दोन्ही कामं होतील.

---

बाबल्या_मालवणी

वायंच थांबा हा. आजयेची गजाल प्रमाण मराठीत सांगूक गेलास तर ती आजयेची रवतली काय?

---

आगरी_पोर_अलिबाग

आमच्या शाळेत एकदा असा उपक्रम झाला होता. सरांनी सगळ्यांचं आगरी "नीट" करून घेतलं. ज्या पोरांना वर्गात बोलायला लागत नाही, ती तिथेही गप्पच बसली. ज्यांचं आधीच नीट होतं ती बोलली. मग काय उपयोग?

---

बाणकोट_किनारा

आमच्या घरी कोकणी मुसलमानांची बोली बोलतात. शाळेत उर्दू, बाजारात मराठी, घरात ही. ही लिहिलेली मी फारशी पाहिलीच नाही. माझी मुलगी ती बोलते तेव्हा ती कुठल्या लिपीत लिहायची हाच प्रश्न पडतो. आवाजाच्या गोष्टीत हा प्रश्नच येत नाही, नुसतं बोलायचं. वाचनालयाच्या कपाटात आमच्या बोलीतलं पुस्तक नसेल, पण हे तरी राहील. असं कुठे होणार असेल तर मुलीला घेऊन यायला तयार आहे.

---

सुरंगी

बाणकोट, नक्की या, लांब पडेल पण सोय करू.

प्रमाणवेलांटी, आम्ही केलं ते सांगते. आवाज ज्या बोलीत येईल त्या बोलीत. खाली अक्षरपट्टी प्रमाण मराठीत, आणि ती मुलांनीच लिहायची. लिहिताना जी डोकेफोड होते, ती व्याकरणाच्या तासापेक्षा जास्त असते. "उसपलो" याला काय लिहायचं यावर अर्धी दुपार वाद चालला होता. म्हणजे तुमचंही काम झालंच.

---

कायद्याचं_बोला

हक्कांबद्दल. पुस्तक वाचनालयात चार मुलांसमोर वाचून दाखवणं वेगळं आणि तेच वाचन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं वेगळं. दुसऱ्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, "पुस्तक आम्ही विकत घेतलंय" हे उत्तर चालत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ही ६० वर्षं मोजायची. उदाहरण कोकणातलंच घ्या: पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. पण नव्या आवृत्तीतली चित्रं दुसऱ्या कुणाची असतात, ती आपोआप खुली होत नाहीत.

तयार गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून आहे, मराठीतही भरपूर पुस्तकं आहेत. तिथली बहुतेक पुस्तकं अशा खुल्या परवान्याखाली असतात की ती छापता येतात, बदलता येतात, दुसऱ्या बोलीत नेता येतात. मुख्य अट, मूळ लेखक-चित्रकारांची नावं द्यायची. शेवटच्या चित्रावर ती न चुकता घाला. डाउनलोड करून ठेवलं की नेट नसतानाही दाखवता येतं.

आणि मुलांचे चेहरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल हे मूलच आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. मी तर म्हणेन चेहरा नकोच. आवाज, चित्र, पहिलं नाव, बस्स. शाळेचं आणि वाडीचं नाव एकत्र देऊ नका.

---

गावऱ्हाटी

कायद्याच्या पलीकडचं एक सांगतो, कारण हे बाहेरच्याला सुचणार नाही. आजी-आजोबांच्या गोष्टी म्हणजे नुसते देवचार आणि राखणदार नव्हेत. त्यात कुणाच्या घराण्याचा मान, कुणाची पालखी कुठे अडली, कुणाचा कोर्टात गेलेला बांध, हे सगळं असतं. पोरगं निरागसपणे सांगतं, "अमक्यांनी रात्री दगड सरकवला." वाचनालयात हसून सोडून देतात. तेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं की शिमग्यापर्यंत पुरतं.

त्यामुळे यूट्यूबची घाई नको. आधी वाचनालयात, गावासमोर दाखवा. ज्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट आहे त्यालाच पुढच्या रांगेत बसवा आणि विचारा, हे बाहेर जाऊ द्यायचं का. लेखी संमती घ्याच, पण म्हातारी माणसं कागदावर सही करतात आणि मनात नसतं, हे आपल्याला माहीत आहे.

---

कट्ट्यावरची

+१. आणि हाच टीव्हीविरुद्धचा मुद्दा म्हणून मांड, सुरंगी. तयार व्हिडिओ दाखवताना गावातल्या कुणाला काही विचारावं लागत नाही. इथे आजी, पालक, गावकरी सगळेच वाचनालयात येऊन बसतात.

---

रॅकमधला_माणूस

पैशांबद्दल राहिलं. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, कोलकाता (१९७२), यांच्या योजनांमध्ये बालविभागासाठीही मदत असते. अर्ज राज्य ग्रंथालय खात्यामार्फत जातो. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा. कागदपत्रं जास्त आहेत आणि वेळ लागतो, त्यामुळे टीव्हीची मागणी तिकडे वळवता आली तर बघा. देणगी माईकला, सरकारी मदत कपाट-टीव्हीला. दोन्ही गट गप्प.

आणि हे सगळं करणार कोण? आमच्यासारख्या वाचनालयांत ग्रंथपालाचा पगार किती असतो ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला वाईट वाटेल. देणगीतला एक हिस्सा सुट्टीत येणाऱ्या एखाद्या डी.एड. किंवा कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या मानधनाला ठेवा. आमच्याकडे हौसेवर चाललेले उपक्रम हौस करणाऱ्याची बदली झाली की बंद पडले.

---

सुरंगी

खूप मिळालं, मंडळी. दुरुस्त केलेली मागणी अशी लिहिलीय: बरा फोन, दोन कॉलर माईक, दोन हार्ड डिस्क, रंग-कागद, चित्रकथी कलाकाराचं मानधन, सुट्टीतल्या मदतनीसाचं मानधन. टीव्ही प्रतिष्ठानकडे मागायचा. पहिला विषय सुचलाय, गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेलं साकडं. पोरांना "व्हय महाराजा" एका सुरात ओरडायला इतकं आवडतं की रॅकच्या बोळात ते कसं मावणार हाच प्रश्न आहे. देवळातलं खरं गाऱ्हाणं घ्यायचं नाही, पोरांनी स्वतःचं रचायचं. एकाने आत्ताच सुरू केलंय, "बा देवा महाराजा, गणिताचो पेपर..."

---

बाबल्या_मालवणी

व्हय महाराजा!

---

चाकरमानी_डोंबिवली

ठीक आहे, पटलं. आमच्याही मंडळात असा प्रस्ताव मांडून बघतो. पण एक अडचण आहेच. टीव्हीच्या खाली देणगीदारांच्या नावांची पितळी पाटी लावता येते. कॉलर माईकवर कुठे लावायची?

---

सुरंगी

प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या चित्रावर, चित्रकाराच्या नावाखाली. मुलांच्या हस्ताक्षरात. आमच्या मंडळाला मी हेच सांगणार आहे, तुम्हीही सांगा. फक्त नावांची यादी तपासून पाठवायला सांगा. गेल्या वेळी पाटीवर एका आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला, त्यावरून एक पत्र आणि दोन फोन आले होते.

---

प्रमाणवेलांटी

ते पत्र माझंच.